सर, मग माझे वडील काम करत नाहीत का?

बल, कार्य आणि साधी यंत्रं हे सहावी-सातवीचे धडे वर्गात सुरू झाले की माझ्याकडे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचंच आहे हे. या वेळी सात निवडलेत. पहिला प्रश्न वाचून मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही त्यामुळे त्याचंच उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी कृपया रागवू नका.

प्रश्न : नमस्कार बाई. मी करवीर तालुक्यात सातवीला विज्ञान शिकवतो. कार्य शिकवताना नेहमीचं उदाहरण दिलं की डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यानं चालणाऱ्या माणसानं त्या ओझ्यावर केलेलं कार्य शून्य. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला, त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. म्हणाला, सर मग माझे वडील दिवसभर काम करत नाहीत का? वर्ग हसला. मी म्हटलं विज्ञानात तसंच असतं, आणि पुढं गेलो. तेव्हापासून तो तासाला गप्प असतो. आता काय करू?

सर, आधी एक करा. उद्याच्या तासाला गेल्या गेल्या सगळ्या वर्गासमोर सांगा की परवा जो प्रश्न विचारला गेला तो या धड्यातला सगळ्यात चांगला प्रश्न होता आणि मी त्याचं उत्तर न देता पुढं गेलो ते चुकलं. हसणाऱ्या पोरांनी हे तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे. त्यानंतरच विज्ञान.

आता मुद्द्याचं. 'काम' हा आपला रोजचा शब्द आहे, ज्याची मजुरी मिळते ते काम, ज्यानं अंग दुखतं ते काम. 'कार्य' हा शब्द भौतिकशास्त्रानं वेगळ्याच कारणासाठी घेतला. १८२९ साली कोरिऑलिस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं बल गुणिले अंतर या राशीला कार्य हे नाव दिलं, आणि ते यंत्रांचा हिशेब मांडताना दिलं. त्या काळात पाणचक्क्या होत्या, खाणीतलं पाणी उपसणारी वाफेची इंजिनं होती, आणि इंजिनिअर लोकांना कळत नव्हतं की दोन यंत्रांपैकी कुणी जास्त केलं हे मोजायचं कसं, मग वजन किती आणि ते किती उंच नेलं याचा गुणाकार धरायला लागले. म्हणजे ही मोजपट्टी यंत्रासाठी बनलेली आहे, माणसाच्या घामासाठी नाही. कापड मोजायच्या मीटरनं दूध मोजायला गेलं तर चूक दुधाची नसते. हे मुलांना अगदी सरळ सांगा, सातवीच्या पोरांना ते कळतं.

मग त्या मुलाच्या वडिलांचाच हिशेब फळ्यावर मांडा, त्यांचं नाव न घेता. गुळाचा ३० किलोचा रवा (म्हणजे ढेप) धरू. त्याचं वजन म्हणजे साधारण ३०० न्यूटन (९.८ च्या जागी १० धरलेत, सातवीला तेवढं पुरे). जमिनीवरनं खांद्यापर्यंत दीड मीटर उचलला की ३०० गुणिले १.५ म्हणजे ४५० जूल कार्य झालं. बघा, शून्य नाही, उचलताना पूर्ण कार्य आहे. दिवसात असे २०० रवे उचलले तर ९०,००० जूल. खांद्यावर घेऊन सपाट चालताना मात्र बल वरच्या दिशेला आणि अंतर आडवं, म्हणून रव्यावर गुरुत्वाविरुद्ध झालेलं कार्य शून्य. ट्रकला लावलेल्या फळीवरनं चढायला लागला की परत कार्य सुरू, कारण उंची वाढायला लागली.

आता पुढची पायरी, आणि ही पुस्तकात नसते म्हणून मुद्दाम सांगते. ९०,००० जूल म्हणजे जेमतेम साडेएकवीस किलोकॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत शंभराच्या वर किलोकॅलरी असतात. मग चार-पाच भाकरी खाऊन माणूस संध्याकाळी गळून का जातो? एकतर आपले स्नायू काही पूर्ण कार्यक्षम नाहीत, खाल्लेल्यातला साधारण चौथा-पाचवा हिस्साच उचलण्याच्या कार्यात उतरतो, बाकीची उष्णता होते, म्हणून तर घाम येतो. दुसरं, प्रत्येक वेळी वाकून उठताना रव्याबरोबर स्वतःच्या अर्ध्या शरीराचं वजनही वर उचलावं लागतं. आणि तिसरं म्हणजे नुसतं धरून उभं राहायलाही स्नायूंना ऊर्जा लागते, आतले तंतू सारखे आवळत आणि सैल होत असतात, बाहेरनं काही हललेलं दिसत नाही तरी आत खर्च चालूच. टेबलावर रवा ठेवला तर टेबल दहा वर्षं धरून ठेवेल आणि त्याला भाकरी लागणार नाही. माणसाला लागते. सूत्र टेबल आणि माणूस यात फरकच करत नाही, त्या सूत्राची मर्यादा इथं आहे.

हे नुसतं सांगू नका. प्रत्येकाला पाण्याची एक लिटरची बाटली हात सरळ लांब करून दोन मिनिटं धरायला लावा. दीड मिनिटात निम्मा वर्ग कळवळेल. मग विचारा, बाटलीवर कार्य किती? शून्य. हात दुखला का? दुखला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हे एकदा हाताला कळलं की पुन्हा कुणी त्या मुलाला हसणार नाही.

आणि त्या मुलाला एक काम द्या (हो, कामच म्हणते). वडिलांना विचारून ये, दिवसात किती रवे, ट्रकचा हौदा किती फूट उंच, फळी किती लांब. पुढच्या उतरणीच्या धड्याला हेच आकडे वापरा. वर्गात खरे आकडे आणणारा तो एकटाच असेल.

प्रश्न : बाई, मी गगनबावड्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, नोकरीचं दुसरंच वर्ष. मुलं तरफेचे तीन प्रकार घडाघडा पाठ म्हणतात पण कोयता-कुदळ हातात देऊन विचारलं की गप्प. प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही. सुरुवात कुठून करू?

ताई, प्रकारांपासून करू नका, एवढंच पहिलं सांगणं. मी स्वतः पहिली सात-आठ वर्षं नेमकं तेच करायचे, व्याख्या, मग प्रकार, मग उदाहरणं, आणि त्यात भर म्हणून 'यंत्रामुळे काम कमी होतं' असं बिनधास्त सांगायचे. ते चूक होतं. यंत्रानं काम सोपं होतं, कमी होत नाही. त्या बॅचेसच्या मुलांना मी चुकीचं शिकवलं याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला हे पोटतिडकीनं लिहितेय.

सुरुवात वर्गाच्या दारापासून करा. एका मुलाला कडीजवळ एका बोटानं दार ढकलायला सांगा, मग बिजागरीपासून चार बोटांवर तेच दार तसंच एका बोटानं ढकलायला सांगा. हलत नाही किंवा लई जोर लागतो. सगळ्यांना करू दे, रांग लावा, गडबड होऊ दे. अजून बल, टेकू, भार यातला एकही शब्द उच्चारायचा नाही, पोरं 'जोर' म्हणतात तर जोरच म्हणू दे. मग एवढंच विचारायचं की जोर कमी लागला तेव्हा बोट किती फिरलं? कडीजवळचं बोट मोठा गोल फिरतं, बिजागरीजवळचं इवलासा. जोर कमी तिथं अंतर जास्त, जोर जास्त तिथं अंतर कमी. अख्खा धडा हा आहे. बाकी सगळी नावं.

दुसऱ्या दिवशी तीस सेंटिमीटरची पट्टी आणि पेन्सिल. पट्टीचा मध्य पेन्सिलीवर ठेवा, एका बाजूला मध्यापासून ६ सेंटिमीटरवर रुपयाची दोन नाणी, दुसऱ्या बाजूला एकच नाणं, आणि ते कुठं ठेवलं की तोल साधतो हे मुलांनी सरकवून सरकवून शोधायचं. १२ वर साधतो. मग तीन नाणी ४ वर ठेवून बघा. पोरांना गुणाकार आपोआप सापडतो, आणि स्वतःला सापडलेला गुणाकार कधी विसरत नाहीत. पेन्सिल गोल असली तर घरंगळते, खाली जरा मातीचा गोळा किंवा रबर लावा. अंगणात हेच फळी आणि विटेवर करता येतं, ३० किलोचं पोरगं टेकूपासून १ मीटरवर आणि २० किलोचं दीड मीटरवर. फक्त फळीखाली बोटं जाऊ नयेत म्हणून एक मोठा मुलगा तिथं उभा करा, मी एका मुलीचं नख गेलेलं बघितलंय.

आणि तुमच्या भागात ऊस आहेच. गाडीत ऊस भरताना मागं जास्त झाला तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं, पुढं जास्त झाला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, म्हणून गाडीवान आसाच्या पुढं-मागं बघून मोळ्या लावतो. आस म्हणजे टेकू. हे तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना डोळ्यादेखत माहिती असणार, फक्त त्याला तरफ म्हणतात हे कुणी सांगितलेलं नसणार. 'लावून दाखव' म्हणा, काड्यापेटी आणि काड्या घेऊन ते तुम्हालाच शिकवतील. नावं तिसऱ्या दिवशी द्या, चालतंय.

प्रश्न : माझ्या मुलीनं परीक्षेत अडकित्ता पहिल्या प्रकारची तरफ असं लिहिलं, चूक दिलं. कात्री पहिल्या प्रकारची तर अडकित्ता का नाही? दोन्हीला दोन पाती आहेतच की. (एक आई, राजारामपुरी)

चूक दिलं ते बरोबर आहे ताई, पण मुलीची गफलत अगदी स्वाभाविक आहे कारण ती आकार बघतेय. आकार बघायचाच नाही, मध्ये काय आहे तेवढंच बघायचं. कात्रीत खिळा मध्ये, एकीकडं बोटं आणि दुसरीकडं कापड, म्हणजे टेकू मध्ये, पहिला प्रकार. अडकित्त्यात खिळा एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये, म्हणजे भार मध्ये, दुसरा प्रकार. चिमट्यात जोड एका टोकाला, भाकरी किंवा निखारा दुसऱ्या टोकाला आणि आपण दाबतो मध्ये, म्हणजे बल मध्ये, तिसरा प्रकार. टेकू, भार, बल हा क्रम 'टेभाब' असा लक्षात ठेवायचा, मध्ये जे असेल त्याचा नंबर तोच प्रकाराचा नंबर. माझ्या मुलींनी हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असायचा.

संध्याकाळी दोघींनी मिळून स्वयंपाकघर धुंडाळा. पकड, झाडू, सोडा बाटलीचं ओपनर, सगळं हातात घेऊन. झाडू तिसऱ्यातला, वरचा हात टेकू आणि खालचा हात बल. विळी मात्र तरफ नाही, तिचं पातं पाचर आहे, त्यावर वाद घालू नका. आणि नेलकटर दिलंत तर मजा येईल, त्यात दोन तरफा एकावर एक बसवल्यात, वरची दांडी दुसऱ्या प्रकारची आणि खालची पाती तिसऱ्या प्रकारची. परीक्षेत कुणी विचारत नाही, तरी बघाच.

प्रश्न : मॅडम, मी इचलकरंजीत शिकवतो. उतरणीचा प्रयोग केला. २ किलोचा पुस्तकांचा खोका ५० सेंटिमीटर उंच न्यायचा, फळी दीड मीटर. हिशेबानं ताणकाट्यावर साधारण ६७० ग्रॅम यायला पाहिजे, आले १२००! तीनदा केलं तरी तेच. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं की पुस्तकातला आकडा लिहून घ्या, मुलं गोंधळतात. पटत नाहीये.

पटू देऊही नका. तुमचा १२०० हा आकडा या धड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि तो खोडून ६७० लिहायला लावणं म्हणजे मुलांना खोटं लिहायला शिकवणं, विज्ञानाच्या तासाला तर ते बिलकुल नको.

सरळ उचलला तर २० न्यूटन गुणिले अर्धा मीटर, १० जूल. फळीवरनं ओढला तर १२ न्यूटन गुणिले दीड मीटर, १८ जूल. म्हणजे उतरणीमुळं बल २० वरनं १२ वर आलं पण एकूण कार्य उलट वाढलं! वरचे ८ जूल कुठं गेले, हे मुलांनाच विचारा. खोक्याच्या तळाला हात लावून बघा, फळीला लावून बघा, तळहात एकमेकांवर घासून बघा. घर्षण. मग खोक्याखाली गोल पेन्सिली घाला किंवा तीच पुस्तकं चाकाच्या खेळण्यातल्या गाडीत ठेवून ओढा, आकडा घसरत घसरत ७०० च्या आसपास यायला लागेल पण ६७० च्या खाली काही केल्या जाणार नाही. तिथं पोरं स्वतःच थांबतात आणि विचारतात की खाली का जात नाही. १६०० च्या सुमारास गॅलिलिओनं यंत्रांवर लिहिताना हेच बजावलं होतं, यंत्र निसर्गाला फसवून फुकट काही देत नाही, बलात वाचवलं ते अंतरात भरावं लागतं. घर्षण म्हणजे त्याच्यावरचा जादा खर्च.

कप्पीचंही तसंच होईल म्हणून आधीच सांगते. एकच कप्पी वर टांगली तर बल कमी होत नाही, उलट घर्षणामुळं थोडं जास्तच लागतं, फायदा एवढाच की खाली ओढता येतं आणि आपल्या अंगाचं वजन कामी येतं. बल निम्मं व्हायला कप्पी भाराबरोबर हलणारी पाहिजे, आणि तेव्हा दोरी दुप्पट ओढावी लागते. हे दाखवायला कप्पी नसली तरी अडत नाही. मर्दानी खेळाच्या दोन लाठ्या घ्या, दोन दांडगी पोरं समोरासमोर एकेक लाठी आडवी धरून उभी करा, एका लाठीला दोरी बांधून दोन्ही लाठ्यांभोवती चार-पाच वेढे द्या आणि मोकळं टोक वर्गातल्या सगळ्यात बारक्या मुलीच्या हातात द्या. ती ओढेल आणि ती दोघं कितीही ताणली तरी लाठ्या जवळ येतील. किती दोरी ओढावी लागली ते मात्र मोजाच, नाहीतर निम्मा धडा राहतो. दोरी गुळगुळीत नायलॉनची घ्या, सुंभाची घेतली तर घर्षणच जिंकतं.

घाटाचं उदाहरण तर आपल्याला देवानं दारात दिलंय. करूळचा घाट किंवा पन्हाळ्याचा रस्ता एवढी वळणं का घेतो? उंची तेवढीच, पायवाटेनं सरळ चढलं काय आणि एसटीनं वळसे घेत गेलं काय, पण वळशांनी रस्ता लांब होतो आणि इंजिनला एका वेळी लागणारा जोर कमी होतो. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीला गुंडाळा, तिरकी कड गोल गोल चढत जाते, झाला स्क्रू. म्हणजे स्क्रू ही गुंडाळलेली उतरण. हे बघितल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

प्रश्न : साधी यंत्रं पाच की सहा? दोन पुस्तकांत दोन आकडे आहेत.

अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या ग्रीक शास्त्रज्ञानं पाच धरली होती, तरफ, चाक आणि आस, कप्पी, पाचर, स्क्रू. उतरण त्याच्या यादीत नव्हती, ती नंतर आली, म्हणून सहा. आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही, कारण कप्पी आणि चाक-आस या एका अर्थी फिरत्या तरफाच आहेत आणि पाचर-स्क्रू या उतरणीच्या लेकी. परीक्षेत तुमच्या पुस्तकातला आकडा लिहा.

प्रश्न : मी कागलचा, वय ७४. आमच्या रानात बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची मोट होती. नातू सातवीत आहे, त्याला मोटेबद्दल सांगितलं तर त्याच्या धड्यात बसेल का?

काका, बसेल म्हणून काय विचारता, मोटेसारखं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. नातवाला कागदावर चित्र काढून सांगा. विहिरीच्या काठावर वरचं चाक, त्यावरनं जाणारा जाड नाडा (मोट ओढायचा दोर), खालच्या रुळावरनं जाणारा बारीक सोंदूर (मोटेच्या सोंडेला बांधलेली दोरी), आणि बैल चालतात ती उताराची धाव. चाक म्हणजे एक स्थिर कप्पी, तिनं जोर कमी होत नाही, फक्त दिशा बदलते, वर ओढायचं ते पुढं चालण्यात बदलतं. जोराची सोय धावेनं केली. बैल उतारावरनं खाली जातात तेव्हा त्यांच्या अंगाचं वजनच त्यांच्या बाजूनं ओढतं, आणि रिकामी मोट विहिरीत सोडताना चढावरनं मागं यायचं, तेव्हा ओढायला काही नसतं. चढ कधी आणि उतार कधी हे ज्यानं ठरवलं त्याला बल-कार्य कुणी शिकवलं नव्हतं. आणि वर आल्यावर मोटेची सोंड (पाणी ओतायचं निमुळतं तोंड) थारोळ्यात (काठावरच्या कुंडात) जाऊन पाणी आपोआप ओतलं जायचं, माणसानं हात लावायचा नाही, नाडा आणि सोंदूर यांच्या लांबीचा तो हिशेब होता, हे जरूर सांगा.

मग त्याला गणित घाला. मोटेत १०० लिटर पाणी आणि विहीर १० मीटर खोल धरू. १००० न्यूटन गुणिले १० मीटर, एका खेपेला १०,००० जूल. आता तुमच्या रानातली ५ एचपीची मोटार, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे सेकंदाला ३,७३० जूल. तेवढंच पाणी तेवढंच वर आणायला तिला हिशेबानं तीन सेकंद सुद्धा लागत नाहीत, पंपातलं आणि पाइपातलं नुकसान धरून फार तर पाच-सहा. कार्य दोन्हीकडं सारखंच. बैलांना वेळ लागतो, मोटारीला लागत नाही, एवढाच फरक, आणि त्या फरकाला शक्ती म्हणतात. तुम्ही एका खेपेला किती वेळ लागायचा ते आठवून सांगितलं तर नातू तुमच्या बैलजोडीची शक्ती वॅटमध्ये काढून देईल. त्याच्या वर्गात ते सांगायला तुम्ही स्वतः जावं अशी माझी फार इच्छा आहे, शाळेशी बोलून बघा.

प्रश्न : बाई मी सातवीत आहे आणि तालमीत जातो. माझ्यापेक्षा बारा किलोनं जड पोरगं मला पाडतंय तसं कधी कधी मी पण त्याला पाडतो. वस्ताद म्हणतात ताकद नाही डाव लागतो. ही तरफ हाय का?

हाय! वस्तादांचं बरोबर आहे आणि तुझंही. धोबीपछाड मारताना तू काय करतोस बघ, त्याचा हात खांद्यावरनं ओढतोस आणि स्वतःची कंबर त्याच्या पोटाच्या खाली घालतोस. तुझी कंबर टेकू झाली, त्याचं अंग तरफ झालं. कंबर जर त्याच्या मधोमध बरोबर खाली गेली तर त्याला उचलायला फार जोर लागत नाही, आणि जरा लांब राहिली तर तूच खाली बसतोस. बारा किलोचा फरक त्या वीतभर अंतरात भरून निघतो. पट काढतोस तेव्हा गोष्ट वेगळी, तिथं त्याचा एक पाय उचलून तू त्याचा पाया लहान करतोस, दोन पायांवर पसरलेला तोल एका पायावर आला की थोड्या धक्क्यानंही जातो. म्हणून तर वस्ताद सारखे सांगतात ना, वाकून राहा, पाय फाकून राहा.

आता एक करून बघ. तालमीतली गदा आडवी धर, आधी गोळ्याजवळ पकडून आणि मग दांड्याच्या शेवटच्या टोकाला पकडून. गदा तीच, वजन तेच, पण टोकाला धरल्यावर मनगट वळायला लागतं. जड गदा घेऊ नको, बारकी घे, आणि जवळ कुणी उभं नको.

आणि तुझ्या दंडातच एक तरफ आहे. कोपर हा टेकू, तळहातावरचं वजन हा भार, आणि दंडाचा स्नायू हाताच्या हाडाला जोडलाय तो कोपरापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर. बल मध्ये, म्हणजे तिसरा प्रकार. तळहात कोपरापासून ३०-३५ सेंटिमीटर लांब, म्हणून हातात १० किलो धरलं तर स्नायूला ७० किलोच्या आसपास ओढावं लागतं. वाटेल हे काय उलटंच, यात तोटाच आहे. पण स्नायू थोडासा आखडला की तळहात केवढा तरी फिरतो, आणि झपकन फिरतो. जोरात तोटा, वेगात फायदा. हात तसा नसता तर तुला समोरच्याची मान वेळेत धरताच आली नसती.

वस्तादांना विचारून एखादा डाव अगदी सावकाश, मध्येच थांबवून करून बघा दोघं, आणि टेकू कुठं आहे त्यावर बोट ठेव. कलाजंगमध्ये तो कुठं येतो ते मला लिहून कळव, चित्र काढून पाठवलंस तर जास्त चांगलं.